तुर्गो : रस्त्यापासून खजिन्यापर्यंत

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये एक आकृती असतेच. चार जुन्या रस्त्यांचे चार क्रॉस सेक्शन – रोमन, ट्रेसाग्वे, टेलफर्ड आणि मॅकॅडम. सीनियरच्या जर्नलवरून उतरवायची, बाजूला मापं लिहायची आणि विसरून जायची अशी ती आकृती. आमच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी नेमकं तेच पान उघडलं आणि विचारलं, की आधीचे रस्ते एवढे जाडजूड, मग ह्या ट्रेसाग्वेनं जाडी कमी केली ती कशाच्या जोरावर? मी ड्रेनेज सांगितलं, कॅम्बर सांगितला, खालचे दगड उभे रचतात हेही सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण खरं कारण टॅक्समध्ये आहे. मला वाटलं सर गंमत करतायत. शेजारच्या रोल नंबरलाही तसंच वाटलं असावं, कारण तो हसला आणि पुढचा प्रश्न त्याला आला.

पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचून होतं हे काही नव्यानं सांगायला नको. ह्या वेळी त्या टॅक्सच्या मागे लागलो आणि एक माणूस सापडला. आन रॉबेर झाक तुर्गो. फ्रान्सचा अर्थमंत्री, तोही जेमतेम वीस महिने. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा ह्या प्रश्नाच्या उत्तरात त्याचं नाव एखाद्या ओळीत येऊन जातं, तेवढीच आपली ओळख.

दरवर्षी बजेटच्या दिवशी होस्टेलच्या मेसमध्ये एक ठरलेलं भांडण होतं. एका टेबलाचं म्हणणं, श्रीमंतांवर जास्त कर लावा, त्यांना काय कमी आहे! दुसऱ्या टेबलाचं म्हणणं, त्यांच्यावर कर लावलात तर ते पैसा गुंतवणार नाहीत, कारखाने निघणार नाहीत आणि आपलं प्लेसमेंट बोंबलेल. आपल्याकडचा संपत्ती कर २०१५ च्या बजेटमध्ये रद्द झाला, पण भांडण काही रद्द झालं नाही. तुर्गोची गोष्ट ह्या दोन्ही टेबलांना थोडी थोडी अडचणीची आहे, म्हणून सांगतो.

तुर्गोचा जन्म १० मे १७२७ चा, पॅरिसमधला. घराणं मूळचं नॉर्मंडीतलं, सरदारी. वडील मिशेल एतिएन तुर्गो पॅरिस शहराचे प्रमुख होते, आजच्या भाषेत महापौर म्हणा. ह्या वडिलांवर खरं तर आपल्या अंकात वेगळा लेख हवा. त्यांनी नदीच्या उजव्या तीरावरचं मोठं गटार बांधून घेतलं, आणि सगळ्या पॅरिसचा एक नकाशा काढवून घेतला. वीस शीट्सचा, १७३९ साली छापलेला. त्यात घर न् घर, बाग न् बाग वरून तिरकं पाहिल्यासारखी काढली आहे आणि लांबची घरं लहान होत जात नाहीत. ड्रॉइंगच्या पेपरात आयसोमेट्रिकनं ज्यांना रडवलं त्यांनी तो नकाशा एकदा जरूर बघावा.

तीन भावांत हा धाकटा. थोरल्याला न्यायखातं, मधल्याला सैन्य आणि धाकट्याला चर्च, अशी वाटणी. लहानपणी इतका बुजरा की घरी पाहुणे आले की सोफ्याखाली जाऊन लपायचा, असं सांगतात. पाद्री होण्यासाठी तो सोर्बोनमध्ये शिकला, १७५० साली माणसाच्या प्रगतीवर त्यानं तिथे केलेलं भाषण गाजलं, आणि लगेच १७५१ मध्ये त्यानं चर्चची वाट सोडली. मित्रांनी पुष्कळ समजावलं, की पुढे मोठा मठ मिळेल, आयुष्य आरामात जाईल. पण जन्मभर तोंडावर मुखवटा चढवून फिरणं आपल्याला जमायचं नाही, असं त्यानं सांगून टाकलं. मग सरकारी नोकरी. ती करता करता दिदरोच्या प्रसिद्ध विश्वकोशासाठी त्यानं लेख लिहिले. त्यांचे विषय पाहा – शब्दांची व्युत्पत्ती, बाजार-जत्रा, धर्मादाय निधी आणि वायूंचं प्रसरण. आपल्याकडे ओपन इलेक्टिव्ह घेतानासुद्धा एवढी हिंमत कोणी करत नाही.

१७६१ साली त्याला लिमोझ प्रांताचा मुख्य अधिकारी नेमलं. कलेक्टरसारखं पद, फक्त अधिकार बरेच जास्त. हा प्रांत फ्रान्सच्या मध्यभागी, डोंगराळ आणि गरीब. बरीचशी जमीन अर्धेलीनं करणाऱ्या कुळांकडे. खायला चेस्टनट आणि सलगम, गहू विकण्यापुरता. पुढच्याच वर्षी त्याला लियाँसारख्या श्रीमंत प्रांतात जायची संधी आली. ती त्यानं नाकारली आणि तेरा वर्षं लिमोझलाच काढली. त्याचं खरं शिक्षण इथे झालं असं मला वाटतं, सोर्बोनमध्ये नाही.

आता तिथली करपद्धत समजून घेऊ. मुख्य कर होता ताय. तो सरदारांना माफ, पाद्र्यांना माफ. राहिला कोण? शेतकरी आणि किरकोळ धंदेवाला. ह्याची आकारणी बहुतेक ठिकाणी नजरेनं व्हायची. म्हणजे एखाद्याच्या गोठ्यात चांगली जनावरं दिसली, अंगावर धड कपडे दिसले की पुढच्या वर्षी त्याचा कर वाढला. त्यामुळे शेतकरी शहाणा असेल तर तो गरीब दिसायची काळजी घ्यायचा. ज्याला बैलजोडी घेणं परवडत होतं तोही घेत नसे. वसुलीचं काम पगारी माणसाचं नव्हतं. गावातल्याच कोणाच्या तरी गळ्यात ते पाळीपाळीनं पडायचं, आणि पैसे कमी भरले तर त्याच्या घरावर जप्ती.

पण ह्याहून वाईट होती वेठ. त्यांच्या भाषेत कोर्वे. १७३८ पासून राज्यभर नियम असा, की राजरस्त्याच्या जवळपासच्या गावांनी वर्षातले ठरावीक दिवस रस्त्यावर फुकट राबायचं. आपले बैल आणायचे, आपली गाडी आणायची, भाकरीही आपलीच. सरदार ह्यातूनही सुटलेला. ज्या रस्त्यानं त्याचं धान्य बाजारात जायचं, ज्या रस्त्यामुळे त्याच्या जमिनीचा भाव वाढायचा, तो रस्ता बांधायचा ज्याच्याकडे जमीनच नाही त्यानं!

तुर्गोनं लिमोझमध्ये वेठ बंद केली. कायदा बदलायचा अधिकार त्याला नव्हता, म्हणून त्यानं एक वाट काढली. गावानं आपल्या हद्दीतलं रस्त्याचं काम पगारी कंत्राटदाराकडून करून घ्यायचं, तो खर्च त्या गावाच्या तायमधून वजा करायचा आणि वजा झालेली रक्कम सगळ्या प्रांतातल्या ताय भरणाऱ्यांवर थोडी थोडी वाटून टाकायची. लोकांचा आधी विश्वासच बसेना. सरकारी माणूस फायद्याचं काही सांगतोय म्हणजे ह्यात नवा कर दडलेला असणार! मग त्यानं गावोगावच्या पाद्र्यांना पत्रं लिहून सगळा हिशेब समजावला आणि त्यांच्या तोंडून तो गावकऱ्यांपर्यंत पोचवला.

आणि इथे आपला जर्नलवाला येतो. १७६४ साली लिमोझला मुख्य इंजिनिअर म्हणून आला पिएर मारी झेरोम त्रेझागे. हाच तो ट्रेसाग्वे. (आपण दोनशे वर्षं त्याचं नाव चुकीचं वाचतोय, पण असो.) वेठीवर बांधलेले रस्ते मध्यभागी अठरा इंचांपर्यंत जाड असत. का? तर वेठीची माणसं वर्षातून दोनदाच मिळायची, वसंतात आणि शरदात, शेतीची कामं नसताना. मधल्या काळात खड्डा पडला तर तो बुजवायला कोणी नाही. म्हणून रस्ता आधीच एवढा जाड करून ठेवायचा की सहा महिने झिजला तरी चालेल. पगारी माणसं मिळाल्यावर त्रेझागेनं वेगळा विचार केला. रोज देखभाल होणार असेल तर एवढा दगड ओतायचा कशाला? त्यानं जाडी दहा फ्रेंच इंचांवर आणली, म्हणजे साधारण २७ सेंटिमीटर. खाली उभे रचलेले मोठे दगड, वर बारीक फोडलेली खडी, पायालाच बाक दिलेला आणि लहान लहान टप्पे वाटून दिलेले देखभालीचे कामगार. जवळजवळ निम्मा दगड वाचला, आणि त्याबरोबर तो फोडणारे हात आणि वाहणारे बैलही. सरांचं उत्तर हे होतं! कराची पद्धत बदलली म्हणून डिझाइन बदललं. फुकटचे मजूर खजिन्याला फुकट दिसत होते, प्रत्यक्षात ते फार महाग पडत होते.

मात्र ह्यात एक खोच होती आणि ती तुर्गोला टोचत असणार. नवी रक्कम तायला जोडलेली, आणि ताय सरदारांना माफ. म्हणजे श्रीमंत अजूनही बाहेरच.

१७७० चा दुष्काळ लिमोझला फार वाईट गेला. तुर्गोनं जमीनमालकांना हुकूम काढला की आपल्या अर्धेलीच्या कुळांना वाऱ्यावर सोडायचं नाही, पुढचं पीक येईपर्यंत त्यांना पोसायचं. गावोगावी सुखवस्तू लोकांकडून वर्गणी काढून मदत केंद्रं उभी केली आणि ज्यांना काम करता येतं त्यांना रस्त्यावर मजुरी दिली. आपल्या आजोबा-आजीच्या पिढीनं १९७२ च्या दुष्काळात जी खडी फोडली, तोच प्रकार, दोनशे वर्षं आधी. लोक बटाट्याला हात लावत नव्हते म्हणून तो स्वतःच्या पंगतीत सगळ्यांसमोर बटाटे खायचा. एवढ्या टंचाईतही धान्याच्या व्यापारावरची बंधनं मात्र त्यानं येऊ दिली नाहीत. व्यापारी मोकळा असला की धान्य जिथे भाव आहे तिथे, म्हणजे जिथे भूक आहे तिथे जाईल, ह्यावर त्याची श्रद्धा होती. श्रद्धा हाच शब्द बरोबर, कारण पुढे हीच त्याला भोवली.

लिमोझमध्येच १७६६ साली त्यानं संपत्ती कशी तयार होते आणि कशी वाटली जाते ह्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. निमित्त काय, तर चीनहून आलेले दोन विद्यार्थी मायदेशी निघाले होते, त्यांना समजावं म्हणून. अर्थशास्त्रातलं एक महत्त्वाचं पुस्तक असं नोट्ससारखं लिहिलेलं आहे! ह्यात तो अगदी दुसऱ्या टेबलाचा माणूस वाटतो. भांडवलाशिवाय शेती नाही, कारखाना नाही, व्यापार नाही. जो उपभोग टाळून पैसा साठवतो आणि कामाला लावतो त्याच्यामुळे देश पुढे जातो. अशा पैशावर कर लावलात तर व्याज चढेल आणि त्याचा फटका शेताला आणि कारखान्याला बसेल.

दुसऱ्या एका टिपणात त्यानं घटत्या उत्पादनाचा नियम सांगितला, तोही मेकॅनिकलवाल्यांना आवडेल असा. जमीन म्हणजे स्प्रिंग समजा. त्यावर एकेक वजन ठेवत जा. सुरुवातीला ती दबतच नाही, मग भरभर दबते, आणि शेवटी कितीही वजन ठेवा, केसभरच हलते.

मग कर लावायचा तरी कोणावर? तुर्गोचं उत्तर होतं, जमीनमालकावर. तो आणि त्याच्या काळचे काही विचारवंत असं मानत, की खरी शिल्लक फक्त जमिनीतून निघते. कर कुळावर लावा, दुकानदारावर लावा, मिठावर लावा, फिरून फिरून तो शेवटी जमीनमालकाच्या खंडातूनच जातो. फक्त वाटेत कुळाचे बैल आणि बियाणं खाऊन जातो. तर मग सरळ मालकाकडूनच घ्या ना! सिद्धांत अर्धा चुकीचा आहे हे आज कोणीही सांगेल. त्याच्या हिशेबानं कॅम्पसला येणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना शून्य टॅक्स बसला असता. पण त्यातला एक फरक मला मोलाचा वाटतो. पैसा कामाला लावणारा श्रीमंत आणि नुसता खंड व माफी खाणारा श्रीमंत, हे दोघं त्याच्या नजरेत एक नव्हते. आपल्या मेसमधल्या भांडणात दोन्ही टेबलं त्यांना एकाच ताटात वाढतात.

१० मे १७७४ ला, तुर्गोच्या सत्तेचाळिसाव्या वाढदिवशी, पंधरावा लुई वारला आणि एकोणीस वर्षांचा सोळावा लुई गादीवर आला. (काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी इकडे पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला होता.) जुलैत तुर्गो आरमारमंत्री झाला आणि २४ ऑगस्टला अर्थमंत्री. पहिल्याच दिवशी त्यानं राजाला लिहून दिलं, की दिवाळं काढायचं नाही, करात वाढ करायची नाही आणि नवं कर्ज काढायचं नाही. उरला एकच मार्ग, खर्च कमी करायचा. सुरुवात त्यानं स्वतःच्या पगारापासून केली. कर गोळा करण्याचा मक्ता घेणारे सावकार दर करारावेळी अर्थमंत्र्याला मोठा नजराणा देत, तो त्यानं नाकारला.

त्याला घाई होती. त्याच्या घराण्यातले पुरुष संधिवातानं पन्नाशीच्या आसपास जातात, असं तो म्हणायचा, आणि त्याचेही पाय सुजायला लागले होते. कधी कधी खुर्चीत बसवून त्याला राजाकडे न्यावं लागे. वीस महिन्यांत त्यानं काय काय केलं ते पाहून दम लागतो. बंदुकीच्या दारूचा खासगी मक्ता काढून सरकारी खातं केलं आणि तिथे लाव्हाझिएला बसवलं. होय, केमिस्ट्रीतलाच तो. दालांबेर, काँदोर्से आणि बोस्यू ह्यांच्याकडून पाण्यात नावांच्या प्रतिकृती ओढून प्रतिरोधाचे प्रयोग करवले, कालवे बांधायचे होते म्हणून. हलक्या, वेगवान टपालगाड्या सुरू केल्या, त्यांना लोक तुर्गोतीन म्हणायला लागले.

आणि सप्टेंबर १७७४ मध्ये धान्याचा व्यापार खुला केला. वेळ चुकली. त्या वर्षी पीक कमी आलं, पुढच्या वसंतात पावाचा भाव चढला आणि एप्रिल-मे १७७५ मध्ये पॅरिसभोवती दंगे पेटले. इतिहासात ह्याला पिठाचं युद्ध म्हणतात. बाजार लुटले, बेकऱ्या लुटल्या. तुर्गोनं सैन्य बोलावलं. ११ मे ला पॅरिसच्या चौकात दोघांना फाशी दिलं, त्यातला एक सोळा वर्षांचा कारागीर पोरगा होता. लिमोझच्या दुष्काळात बटाटे खाऊन दाखवणारा माणूस हाच का, असा प्रश्न मला पडला. बाजार शेवटी धान्य आणतो हे त्याचं गणित बरोबर असेलही, पण शेवटी म्हणजे कधी? पोटाला तेवढा वेळ नसतो. तिथे त्यानं आधी मजुरी दिली होती, इथे आधी बंदुका दाखवल्या. गरिबांच्या बाजूचा मंत्री गरिबांनाच परका झाला, आणि श्रीमंतांना हेच हवं होतं.

१७७६ च्या जानेवारीत त्यानं सहा फर्मानं राजापुढे ठेवली. त्यातली दोन महत्त्वाची. एक, कारागिरांचे बंदिस्त संघ बरखास्त करून कोणालाही कोणताही धंदा करायची मोकळीक. दुसरं, सगळ्या देशातली वेठ बंद, आणि तिच्या जागी रस्त्यांसाठी एक कर, जो प्रत्येक जमीनमालकानं भरायचा, सरदारानंसुद्धा. चर्चच्या जमिनींना मात्र दबावाखाली सूट द्यावी लागली. ही माघार त्याला महाग पडली असं मला वाटतं. तत्त्व म्हणून मांडलेल्या गोष्टीला एकदा भोक पडलं की विरोधक त्यातूनच हात घालतात.

न्यायमंत्री मिरोमेनिलनं फर्मानावर कलमवार आक्षेप लिहिले आणि तुर्गोनं कलमवार उत्तरं. हा वाद वाचण्यासारखा आहे. मिरोमेनिल काही मूर्ख नव्हता. त्याचं म्हणणं, रस्ता सगळेच वापरतात, मग एकट्या जमीनमालकानंच का भरायचं? गरिबाकडे पैसा नाही, श्रम आहेत, तो श्रम देतो. शिवाय कर म्हणून पैसा गोळा झाला की युद्ध लागताच तो तिकडे वळणार आणि रस्ते तसेच राहणार. (हा मुद्दा आपल्याला पटायला हरकत नाही.) आणि मालकाला कुळांमार्फत आधीच भार पडतोय, त्यात सरदारांची जुनी माफी काढली तर ज्या वर्गाच्या शौर्यावर राज्य उभं आहे त्याचा मान जाईल.

तुर्गोनं सांगितलं की रस्त्याचा निधी वेगळा राहील, त्याचा हिशेब न्यायालयाकडे ठेवला जाईल. रस्त्यानं जमिनीचं उत्पन्न वाढतं, तो फायदा मालकाचा. ज्याच्याकडे दोन हातच आहेत त्याला रस्त्याचा सगळ्यात कमी उपयोग, आणि आपण त्याच्याकडूनच तो फुकट बांधून घेतो. सरदारांच्या मानाबद्दल तर त्यानं वर्मावर बोट ठेवलं. फ्रान्समध्ये पैसे मोजून सरकारी पद विकत घेता येत होतं आणि बऱ्याच पदांबरोबर सरदारकी आणि करमाफी मिळत होती. त्यामुळे ज्याच्याकडे पैसा आला तो सरदार झालाच. तेव्हा हा प्रश्न आता थोर घराणी आणि सामान्य ह्यांच्यातला उरलेला नाही, तो श्रीमंत आणि गरीब ह्यांच्यातला आहे, असं त्यानं राजाला स्पष्ट लिहून दिलं. स्वतः सरदार घराण्यातला माणूस हे लिहीत होता.

ह्या पदविक्रीत वाढीचाही प्रश्न दडलेला होता. व्यापारात चार पैसे मिळवले की हुशार माणूस धंदा बंद करून पद विकत घ्यायचा आणि पुढच्या पिढ्यांचा कर वाचवायचा. जो पैसा कापडात, लोखंडात, जहाजांत जायचा तो माफीच्या कागदात अडकून पडायचा. श्रीमंतांना करातून सोडलं की ते गुंतवणूक करतात, ह्या युक्तिवादाचा हा एक जुना आणि उलटा दाखला. माफी विकत मिळते म्हटल्यावर सगळ्यात सुरक्षित गुंतवणूक माफीच ठरली.

पॅरिसचं पार्लमाँ म्हणजे संसद नव्हे, ते उच्च न्यायालय. पण राजाचं फर्मान तिथे नोंदवल्याशिवाय लागू होत नसे. आणि न्यायाधीश कोण? पद विकत घेतलेले करमाफ जमीनदार! त्यांनी विरोधपत्र लिहिलं, की समाजात पाद्र्यानं प्रार्थना करायची, सरदारानं रक्त द्यायचं आणि उरलेल्यांनी कर भरून राबायचं ही रचनाच आहे, ती मोडली तर राज्य मोडेल. शेवटी १२ मार्च १७७६ ला राजानं व्हर्सायला दरबार भरवून स्वतःच्या समोर सक्तीनं फर्मानं नोंदवून घेतली. तीनच दिवस आधी, ९ मार्चला, लंडनमध्ये अॅडम स्मिथचा वेल्थ ऑफ नेशन्स प्रसिद्ध झाला होता. दहा वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हे दोघं भेटले होते.

तुर्गो जिंकला, दोन महिन्यांपुरता. दरबारी लोक, मक्तेदार, संघांचे प्रमुख, न्यायाधीश, सगळे त्याच्या विरुद्ध एक झाले. पंतप्रधानासारखा वागणारा म्हातारा मोरपा त्याच्यावर जळत होता. राणी मारी आंत्वानेत तर तिच्या मर्जीतल्या एका वकिलाला तुर्गोनं परत बोलवायला लावलं म्हणून इतकी चिडली, की त्याला बास्तीयच्या तुरुंगात टाकावं असं तिला वाटत होतं. तो स्वतःही काही सोपा नव्हता. बुजरा होता तो गर्विष्ठ वाटायचा. आपलं उत्तर बरोबर आहे, स्टेप्स लिहिल्या आहेत, मग समोरच्याला पटलंच पाहिजे, ही आपल्या इंजिनिअरांची खोड त्याच्यात पुरेपूर होती. अमेरिकेच्या बंडात उतरलो तर खजिना सावरणार नाही, हेही त्यानं एप्रिलमध्ये लिहून दिलं. ते तर कोणालाच नको होतं. शेवटच्या पत्रांपैकी एकात त्यानं राजाला आठवण दिली, की इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं डोकं दुबळेपणामुळेच गेलं. राजानं उत्तर दिलं नाही. १२ मे १७७६ ला त्याला काढून टाकलं.

ऑगस्टमध्ये वेठ परत आली. कारागिरांचे संघही बदललेल्या रूपात परत आले. नव्या मंत्र्यानं सरकारी लॉटरी काढली. त्यानंतर नेकेरनं अमेरिकेचं युद्ध कर न वाढवता कर्जावर लढवून दाखवलं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

तुर्गोनं पुढची पाच वर्षं पुस्तकं, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जुने कवी ह्यांच्यात काढली. लग्न केलंच नव्हतं. १८ मार्च १७८१ ला संधिवातानंच तो गेला, वय ५३. घराण्याचा हिशेब त्यानं तीन वर्षांनी चुकवला होता. त्याचा मित्र द्युपाँ द नमूर, त्याच्या मुलाचा तुर्गो धर्मपिता होता. तो मुलगा लाव्हाझिएकडे बंदुकीची दारू करायला शिकला आणि १८०२ मध्ये अमेरिकेत त्यानं कारखाना काढला. केमिकलवाल्यांना ड्युपाँट हे नाव सांगायला नको.

१७८७ मध्ये वेठ एकदाची पैशात बदलली, पण ती रक्कमही ताय भरणाऱ्यांवरच बसली. १७८८ चा फ्रान्सचा खर्च ६२९ दशलक्ष लीव्र होता, त्यातले ३१८ दशलक्ष फक्त कर्जापोटी जात होते. नवा कर घालायचा तर माफीवाल्यांवरच घालावा लागणार होता आणि ते तयार होईनात, म्हणून १७८९ मध्ये पावणेदोनशे वर्षांनी देशाची सभा बोलवावी लागली. ४ ऑगस्टच्या रात्री त्या सभेत सरदारांनी उठून आपल्या माफ्या सोडून दिल्या. तेव्हा खेड्यांत त्यांचे वाडे जळत होते. तुर्गोबरोबर त्याच दिवशी मंत्रिपद सोडणारा मालझेर्ब पुढे सोळाव्या लुईचा वकील म्हणून उभा राहिला. राजा २१ जानेवारी १७९३ ला गिलोटिनवर गेला, मालझेर्ब पुढच्या वर्षी. मे १७९४ मध्ये लाव्हाझिएही गेला, कारण कर गोळा करण्याच्या मक्त्यात त्याची भागी होती.

जर्नलमधल्या त्या आकृतीखाली, १७६४ च्या शेजारी, मी आता पेन्सिलीनं लिमोझ असं लिहून ठेवलंय. व्हायव्हाचे मार्क मात्र तोवर जाऊन पोचले होते.